कोलंबियातील साठ वर्ग आणि बडोद्यातील अकरा दिवस

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमाच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, कलाभवन, गुणी माणसांना दिलेला आश्रय, ही यादी आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. त्या यादीत एक वाक्य हटकून येते: ‘डॉ. आंबेडकरांना महाराजांनीच अमेरिकेला शिकायला पाठवले.’ वाक्य खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटणेही योग्य आहे. परंतु ते एका वाक्यातच संपवले, तर त्यातील अर्धी हकीकत नजरेआड होते. एक बावीस वर्षांचा तरुण एका प्रचंड परदेशी विद्यापीठात कसा दाखल झाला, तेथे त्याने कोणते विषय निवडले, कोणाच्या मदतीने वाट काढली, ती मदत कोठे अपुरी पडली आणि शिकून परत आल्यावर ज्या नगरीने त्याला पाठवले त्या नगरीने त्याचे स्वागत कसे केले, हे सर्व एकत्र पाहिल्याशिवाय त्या शिष्यवृत्तीचा इतिहास पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम शिष्यवृत्ती देणाऱ्याची बाजू पाहू. सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले आणि १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. त्याच १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले व ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू करण्यात आला. महाराज १९०६ मध्ये व पुन्हा १९१० मध्ये अमेरिकेला गेले होते. तेथील ग्रंथालयांची व्यवस्था पाहून त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणले. तेव्हा १९१३ मध्ये एका विद्यार्थ्याला न्यूयॉर्कला पाठवण्याचा निर्णय लहरीखातर झालेला नव्हता. विलायतेकडे डोळे लावून बसलेल्या त्या काळात अमेरिकेतील शिक्षणाची महाराजांना प्रत्यक्ष ओळख होती.

आता घेणाऱ्याची बाजू. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, इंदूरजवळच्या महू छावणीतला. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या पालकांना हा आकडा सामान्य वाटेल. पण त्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा अपूर्व घटना होती आणि त्याप्रीत्यर्थ सत्काराची सभा भरली होती. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्या मुलातील वाचनाची ओढ आधीच हेरलेली होती. त्यांनीच पुढे भीमरावांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक म्यूलर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडेही दिले. एका विद्यार्थ्याचे शिक्षण किती हातांवर उभे असते, हे येथेच दिसू लागते.

या काळातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शाळेत भीमरावांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. ते घेऊ दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. म्हणजे शाळेत प्रवेश होता, बाकावर जागा होती, फी भरलेली होती. परंतु विषय निवडण्याचा अधिकार मात्र जातीच्या दारापाशी अडला. प्रवेश मिळणे आणि शिकण्याची मोकळीक मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला फार लवकर कळले.

मुंबई विद्यापीठाची तेव्हाची रचनाही समजून घेतली पाहिजे. १८५७ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले होते. शिकवण्याचे काम कॉलेजांचे आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी वाटणी होती. ठरलेले विषय, नेमलेली पुस्तके, भरायच्या टर्म आणि शेवटी परीक्षा, असा तो मार्ग होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे १८६२ मध्ये याच मार्गाने पहिले पदवीधर झाली, तेव्हा त्या पद्धतीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यात विद्यार्थ्याने स्वतः ठरवण्यासारखे फारसे काही नसे. आपल्या वडिलांच्या व आजोबांच्या पिढीने पदव्या मिळवल्या त्या याच रीतीने.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी रोजी, त्यांचे वडील वारले. त्यानंतर महाराजांनी त्यांना अमेरिकेस पाठवण्याचे ठरवले आणि ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सह्या झाल्या. अटी थोडक्यात अशा: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, विद्यार्थ्याने तो काळ नेमून दिलेल्या अभ्यासातच घालवावा, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी.

सरकारी नोकरीत शिष्यवृत्तीच्या अनेक फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, यातील एकही अट गैरवाजवी नाही. सार्वजनिक तिजोरीतून खर्च होतो तेव्हा मुदत ठरवावी लागते आणि त्या खर्चाचा राज्याला उपयोग व्हावा अशी अपेक्षाही ठेवावी लागते. तीन वर्षांची मुदत आणि दहा वर्षांची सेवा हा हिशेब कागदावर चोख होता. पण विद्येचा हिशेब महिन्यांच्या कोष्टकात बसतोच असे नाही, आणि ‘नोकरी करावी’ असे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात ‘नोकरी करणारा राहील कोठे’ हा प्रश्न उद्भवत नाही. या दोन उणिवा पुढे कशा भोवल्या ते क्रमाने येईलच.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठ हे मूळचे १७५४ सालचे किंग्ज कॉलेज. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर त्याचे नाव बदलले आणि १८९७ मध्ये ते शहराच्या उत्तर भागात, मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकडीवरील प्रशस्त जागेत आले. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र या विषयांच्या उच्च अध्ययनासाठी जॉन बर्जेस यांनी १८८० मध्ये तेथे स्वतंत्र विद्याशाखा उभारली होती. संशोधन हे विद्यापीठाचे प्रमुख काम होय, ही जर्मन विद्यापीठांतील कल्पना तिच्या मुळाशी होती. भीमराव याच शाखेत दाखल झाले.

पहिला प्रश्न राहण्याचा. सुरुवातीस ते हार्टले हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण मानवेना, म्हणून जेथे इतर हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहू लागले. ही मैत्री जन्मभर टिकली. न्यूयॉर्कमध्ये खोली बदलण्याचे कारण जेवण होते, सोय होती, सोबत होती. जात विचारून कोणी दार लावले नाही. हा तपशील किरकोळ वाटेल. पण पुढे बडोद्यापाशी येऊ तेव्हा त्याची आठवण ठेवावी.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा, आणि तो अधिक अवघड होता. मुंबईच्या पदवीधरास हे विद्यापीठ एखाद्या अफाट बाजारपेठेसारखे वाटले असल्यास नवल नाही. येथे प्रत्येक प्राध्यापक आपापल्या विषयावरील व्याख्यानमाला जाहीर करी. विद्यार्थ्याने त्या यादीतून आपले वर्ग निवडून नाव नोंदवायचे, वर्गात बसायचे, चर्चावर्गात स्वतः निबंध वाचायचा, आणि त्याच वेळी प्रबंधाची तयारी करायची. कोणता वर्ग आधी घ्यावा, कोणता नंतर, आपल्या प्रबंधाला कशाचा उपयोग होईल, हे ठरवण्याची बरीचशी जबाबदारी विद्यार्थ्यावर. ज्याला कधी विषय निवडू दिला गेला नव्हता, त्याच्यापुढे एकाएकी शेकडो विषयांची यादी आली.

त्याने काय निवडले याची नोंद विद्यापीठाच्या दफ्तरात राहिली आहे आणि अभ्यासकांनी ती प्रसिद्धही केली आहे. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १ वर्ग. बेरीज साठ होते. म्हणजे वर्षाला सरासरी वीस वर्ग.

ही यादी सावकाश वाचावी. पाठवणाऱ्या संस्थानाला अर्थव्यवहार जाणणारा अधिकारी हवा होता, आणि अर्थशास्त्राचे २९ वर्ग त्या अपेक्षेला धरूनच आहेत. फ्रेंच व जर्मन कशासाठी, हेही सहज समजते. त्या काळच्या संशोधकाला या भाषा वाचता येणे आवश्यक मानले जाई. पण उरलेले वर्ग? इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय बडोद्याच्या कोणत्याही खात्याने सांगितलेले नव्हते. ते विद्यार्थ्याने आपल्या अंतरीच्या प्रश्नासाठी निवडले. समाज कसा घडतो, भेद कसे उत्पन्न होतात, ते टिकतात कसे, हा तो प्रश्न. साठांपैकी एकतीस वर्ग अर्थशास्त्राबाहेरचे आहेत, ही गोष्ट मला त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याची पूर्वसूचना वाटते. संस्कृतची वही ज्याच्या हातून काढून घेतली गेली, त्याला येथे प्रथमच सर्व कपाटे उघडी मिळाली.

तथापि एवढ्या मोठ्या संस्थेत नुसत्या मोकळिकीने विद्यार्थी तरत नाही, भरकटतोही. त्याला हात देणारा कोणीतरी लागतो. भीमरावांना तो हात प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्या रूपाने मिळाला. सार्वजनिक अर्थव्यवहार आणि करपद्धती या विषयांतील ते अमेरिकेतील अग्रगण्य अध्यापक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भीमरावांचा अर्थशास्त्राचा अभ्यास आकाराला आला. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार यावरील निबंधावर मे १९१५ ची तारीख आहे आणि त्याच वर्षी ते एम. ए. झाले. जॉन ड्यूई यांच्याकडे त्यांनी तत्त्वज्ञान ऐकले, जेम्स हार्वे रॉबिन्सन व जेम्स शॉटवेल यांच्याकडे इतिहास. मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींचे स्वरूप, उगम आणि वाढ या विषयावर निबंध वाचला. तो पुढील वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संशोधक म्हणून त्यांचे प्रसिद्ध झालेले हे पहिले महत्त्वाचे लेखन, आणि ते वर निर्देशिलेल्या ‘बाहेरच्या’ वर्गांपैकी एका वर्गात जन्मले, हे लक्षणीय आहे.

याच सुमारास लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते. या हुशार तरुणाने आपल्या राजकीय कार्यात यावे, असा त्यांचा प्रयत्न होता. महाराजांना दिलेल्या शब्दाप्रमाणे आपण प्रथम अभ्यास पुरा करणार, असे सांगून भीमरावांनी ते टाळले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. करारनामा हा त्यांच्या दृष्टीने केवळ मुद्रांकाचा कागद नव्हता.

जून १९१६ मध्ये तीन वर्षांची मुदत संपत आली. डॉक्टरेटचा प्रबंध तयार होत होता. पण कोलंबियाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दिल्यावाचून पदवी हाती पडत नसे. छपाईचा खर्च शिष्यवृत्तीत कोठून असणार? तसेच ते लंडनला गेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव नोंदवले. फी होती साडेदहा पौंड. नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. एक वर्ष झाले न झाले तोच बडोद्याहून कळवण्यात आले की मुदत संपली आहे, परत यावे. अभ्यास अर्ध्यावर राहिला. तेथेही एका अध्यापकाने हात दिला. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीवरून लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. युद्धकाळ होता, निराळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेली.

येथपर्यंतच्या हकीकतीत बडोद्याचे नाव सन्मानाने येते. आता पुढील भाग.

सप्टेंबर १९१७ मध्ये करारनाम्याप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यास भीमराव बडोद्याला आले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली होती आणि पुढे अर्थखाते त्यांच्याकडे सोपवावे असा विचार होता. त्यांना स्टेशनवर उतरवून घेण्याची आज्ञा असूनही कोणी गेले नाही, असे कीर लिहितात. राहण्यास जागा कोठे? बडोद्यातील हिंदूंच्या वीशा आपल्याला घेणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. ही सारी हकीकत त्यांनी स्वतःच पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. एका पारशी धर्मशाळेत, रखवालदाराच्या संमतीने, पारशी नाव नोंदवहीत लिहून ते राहिले. दिवसाचा दर दीड रुपया. त्या ओसाड जागेत ते एकटेच. राज्याचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. कचेरीत शिपाई अंतर राखून फायली टाकत, असेही नमूद आहे. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावून गेला. दोन मित्रांकडे त्यांनी विचारणा केली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. एकाने नोकर निघून जातील म्हणून सांगितले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल म्हणून. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आपल्या आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून काढला. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

कोलंबियाचा एम. ए., साठ वर्गांचा धनी, संस्थानच्या सेवेतील नियुक्त अधिकारी. आणि त्याला उभ्या नगरीत एका रात्रीपुरते छप्पर मिळू नये!

ही हकीकत सांगताना दोष पारशी जमावावर आणि दरबारच्या दिरंगाईवर टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आपण, मराठी मंडळींनी तरी, आवरला पाहिजे. १९१७ च्या बडोद्यात मराठी घरे थोडी नव्हती. दरबारात, कचेऱ्यांत, शाळांत, फौजेत आपली माणसे होती. दांडिया बाजार, रावपुरा, राजमहालाचा परिसर येथे आपले वाडे होते. नव्या साहेबांना जागा मिळत नाही ही गोष्ट कचेरीत कोणाच्याच कानांवर गेली नसेल, असे मानणे कठीण आहे. त्यांची भाषा आपलीच होती. तरीही ज्यांच्याकडे दार ठोठावून पाहावे असे एकही मराठी घर त्यांच्या लेखनात येत नाही. नकार देण्याची वेळसुद्धा आपल्या पूर्वजांवर आली नाही, कारण विचारण्यात अर्थ नाही हे विचारणाऱ्याला आधीच माहीत होते. नकारापेक्षा ही गोष्ट अधिक बोचणारी आहे.

महाराजांचे काय? त्यांची इच्छा चांगली होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु राजाची इच्छा आणि शिपायाचे वर्तन यांच्यामध्ये जो लांबलचक जिना असतो, त्याच्या प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा असतो. आज्ञा वरून खाली येता येता प्रत्येक पायरीवर थोडी थोडी झिजते. अर्ज निकालात निघण्यापूर्वी अर्जदाराचे काय झाले, हे फायलीत कधीच लिहिलेले नसते. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

दहा वर्षांच्या सेवेचा करार असा काही दिवसांत आटोपला. बडोद्याने एक अर्थमंत्री गमावला. भीमराव मुंबईस परतले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, लिव्हिंग्स्टन हॉलमधील सोबती नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि जुलै १९२० मध्ये, दिलेल्या चार वर्षांच्या आतच, ते पुन्हा लंडनला निघाले.

तेथील प्रवेशाची हकीकत मोठी मौजेची आहे. सेलिग्मन यांनी लंडनमधील प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची शिफारस केली. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या चिटणीसांना कळवले की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवलेली दिसते, तेव्हा त्यांनी जिंकावे असे आमच्याकडे काही उरलेले नाही! अतिपात्रता हीसुद्धा प्रवेशातील अडचण होऊ शकते, ती अशी. अखेर नावनोंदणी झाली. मधल्या चार वर्षांत फी एका गिनीने वाढली होती. सकाळपासून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून त्यांनी काम केले. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. मिळाली. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते, पण तेथील अभ्यास पुढे जाऊ शकला नाही. रुपयाच्या प्रश्नावरील डी. एस्सी.चा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात सादर झाला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तोवर पैसे संपत आले होते. त्यांनी मुंबईला येऊन दुरुस्त प्रत पाठवली आणि १९२३ च्या अखेरीस ती मान्य झाली.

कोलंबियाची डॉक्टरेट राहिली होती ती छपाईवाचून. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहाराच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. १९१६ मध्ये विद्यापीठ सोडून गेलेल्या विद्यार्थ्यासाठी गुरूने नऊ वर्षांनीही लेखणी उचलली. १९२७ मध्ये पदवी रीतसर प्रदान झाली. १९३० मध्ये विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी लिहिले ते असे की आयुष्यातील आपले उत्तम स्नेही म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे गुरुजन. ५ जून १९५२ रोजी त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मान्य एलएल. डी. ही पदवी दिली.

आणि त्या १९२५ च्या ग्रंथाची अर्पणपत्रिका? ती आहे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नावे, आपल्या शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. ज्या नगरीतून आठ वर्षांपूर्वी संध्याकाळच्या आत जागा सोडून निघावे लागले, त्या नगरीच्या अधिपतीचे ऋण त्यांनी नावानिशी मान्य केले. अपमान विसरून नव्हे. तो त्यांनी पुढे सविस्तर लिहूनच ठेवला. उपकाराची नोंद एका ठिकाणी, अन्यायाची दुसऱ्या ठिकाणी, आणि दोहोंची सरमिसळ नाही. हिशेबाची ही शुद्धता आपणही शिकण्यासारखी आहे. आपण मात्र वर्षानुवर्षे जमेची बाजूच वाचत आलो.

३० एप्रिल १९४९ रोजी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ आपल्या शहरात उभे राहिले. श्रीमती हंसा मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या. त्याच्या वर्गांतून आपल्या दोन-तीन पिढ्या शिकून गेल्या आणि आता त्यांची मुले-नातवंडे परदेशांतील मोठमोठ्या विद्यापीठांत जातात. अर्ज संगणकावर भरले जातात, विषयांच्या याद्या पडद्यावर दिसतात. आपल्या घरांत चौकशी होते ती बहुधा दोनच गोष्टींची: प्रवेश मिळाला का, आणि पैशांची सोय झाली का. भीमरावांच्या उदाहरणावरून पाहता प्रश्न आणखी आहेत. विषय मनाने निवडता येतात का? अडले असता विचारावे असा एखादा अध्यापक आहे का? अभ्यास पुरा होण्याआधी मुदत संपली तर काय? सोबतीला एखादा नवल भथेना आहे का? आणि शिकून आल्यावर त्याला आपले म्हणणारे घर आहे का?

हेच प्रश्न उलट दिशेनेही विचारले पाहिजेत. आपल्या शहरातील विद्यापीठात आजही डांग, पंचमहाल, छोटा उदेपूर या भागांतून मुले-मुली येतात. त्यांच्यातील कित्येक जण घरातील पहिलेच शिकणारे असतात. त्यांच्या फीसाठी सरकारी योजना आहेत. पण भाड्याची खोली शोधताना त्यांना आडनाव विचारले जाते की नाही, याचे उत्तर कोणत्याही योजनेत सापडणार नाही. ते आपल्यासारख्या घरमालकांनाच ठाऊक आहे. साडेअकरा पौंड तिजोरीतून देता येतात. दार मात्र ज्याचे त्यानेच उघडायचे असते.